ओकावांगोच्या पाण्यात, मोकोरोतून

पहिला दिवस : माउन ते बोरो

बोत्स्वानातल्या माउनमध्ये जुलैत पाऊस पडत नाही. आकाश स्वच्छ निळं, हवा कोरडी, रस्त्याकडेची वाळू पावलागणिक उडणारी. तरीही गावातून जाणाऱ्या थामालाकाने नदीचं पाणी चढत असतं. मातलापानेंगच्या पुलापाशी माणसं थांबून ते बघतात, या वर्षी पाणी कुठवर आलं, गेल्या वर्षीपेक्षा लवकर की उशिरा, यावर बोलतात. आई आणि मी माउनला उतरल्यावर आधी तिथेच गेलो.

हे पाणी बोत्स्वानातलं नाही. अंगोलाच्या उंच पठारावर दक्षिण गोलार्धातला उन्हाळी पाऊस पडतो, जानेवारी-फेब्रुवारीत जोरात. तो कुबांगो आणि कुइतो या नद्यांतून खाली येतो, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतो आणि मोहेंबोपाशी बोत्स्वानात शिरतो. तिथून थोडं पुढे ही नदी, म्हणजे ओकावांगो, पसरायला लागते आणि कालाहारीच्या वाळूतच संपते. समुद्राकडे जायला तिला वाटच नाही. जमीन इतकी सपाट, की किलोमीटरमागे जेमतेम फूटभर उतार. मोहेंबोहून माउनपर्यंत यायला पाण्याला चार-पाच महिने लागतात. त्यामुळे इथला पूर ऐन कोरड्या हिवाळ्यात येतो. आसपासच्या रानातली पावसाळी डबकी तोवर आटलेली असतात आणि जनावरं या पाण्याकडे सरकतात.

हा त्रिभुज प्रदेश छोट्या विमानातून बघता येतो, मोटरबोटीतूनही बघता येतो. आम्हाला मोकोरोच हवी होती, काठीने रेटायची इथली अरुंद होडी. आईला पक्ष्यांचं वेड आहे आणि इंजिनाच्या आवाजात पक्षी बघणं तिला मान्य नाही. मला पाणी कसं चालतं ते बघायचं होतं. इतक्या कमी उताराचं पाणी वाट कशी शोधतं, हे वरून कळत नाही.

माउनहून बोरो नदीच्या काठाला जाणारा रस्ता म्हणजे वाळूत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. वाटेत एक लांबच लांब कुंपण लागतं. 1982 मध्ये उभारलेलं हे कुंपण गावची गुरं आणि पलीकडच्या रानम्हशी यांना वेगळं ठेवतं. रानम्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होते, आणि बोत्स्वानाची गोमांसाची निर्यात गुरं या रोगापासून दूर राहण्यावर अवलंबून आहे. कुंपणाच्या अलीकडे गाढवं, शेळ्या, झोपड्या. पलीकडे गेल्यावर पाचच मिनिटांत जिराफ दिसले. एका तारेने प्रदेशाचे दोन भाग इतके स्पष्ट पडलेले मी आजवर पाहिले नव्हते.

बोरोच्या काठावरून मोकोरो सुटतात. या भागातल्या गावांनी मिळून ओकावांगो कोपानो मोकोरो कम्युनिटी ट्रस्ट ही संस्था उभी केली आहे, आणि होडी चालवणारी माणसं याच गावांतली असतात. आमची होडी चालवायला एक बाई आल्या, वयाने चाळिशीच्या पुढच्या, उंच, अंगावर जाड स्वेटर. "दुमेला म्मा," त्या आईला म्हणाल्या. आईनेही तसंच म्हणून त्यांच्यासारखाच डावा हात उजव्या कोपराला लावून हात पुढे केला. त्यांना ते आवडलं. त्या बायेई समाजातल्या. ओकावांगोत मोकोरो आणली ती याच लोकांनी, अठराव्या शतकात उत्तरेकडून येताना.

पूर्वी मोकोरो एका अख्ख्या खोडातून कोरत. टेंभुर्णीच्या कुळातलं जॅकलबेरी किंवा लांबोळक्या फळांचं सॉसेज ट्री त्यासाठी निवडत. सरळ, जाड खोड मिळायला झाड फार जुनं लागतं, आणि एवढं करून ती होडी काही वर्षांतच कुजते. आता बहुतेक होड्या फायबरग्लासच्या आहेत, आकार मात्र तोच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जी झाडं कापली गेली नाहीत त्यांच्याच सावलीत पुढे आम्ही तंबू ठोकला.

होडीत बसल्यावर पाण्याची पातळी कमरेशी येते. चालवणारा मागे उभा राहतो आणि लांब काठी तळाच्या वाळूत रोवून होडी पुढे रेटतो. या काठीला न्गाशी म्हणतात. वल्ह्यासारखा छपछप आवाज नाही. काठी उचलली की थेंब गळतात आणि होडीच्या बुडाला गवत घासतं, तेवढंच ऐकू येतं.

त्या दिवशी दोनेक तास जाऊन एका बेटावर मुक्काम केला. नावाडीबाईंनी नियम सांगितले. रात्री तंबूबाहेर पडायचं तर आधी विजेरी चौफेर फिरवून बघायचं. अंधार पडल्यावर पाण्याच्या काठाला जायचं नाही. बेटावर चालताना त्यांच्या मागे, एका रांगेत, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. "जनावराला आधी बघायचं, त्याने आपल्याला बघायच्या आत," एवढंच त्या म्हणाल्या. डब्यातलं खाऊन आम्ही लवकर झोपलो.

दुसरा दिवस : पाण्यात आणि बेटावर

पहाटे कडाक्याची थंडी. पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि शेकोटीपासून हलायला जीव होत नव्हता, पण बाईंनी घाई केली. ऊन चढायच्या आत मोठा प्रवाह पार करायचा होता.

पहिला तास उथळ पाण्यातून गेलो. इथे पाणी गुडघ्याएवढं, तळाची वाळू स्वच्छ दिसते. नद्या पुरात गढूळ असतात ही माझी समजूत इथे मोडली. ओकावांगोत चिखल फार थोडा येतो, येते ती वाळू, आणि ती तळातूनच सरकते. वरच्या अंगाला मैलोन् मैल पपायरस आणि बोरूची दाटी आहे, तिच्यातून येताना उरलासुरला गाळही मागे राहतो. बाईंनी ओंजळीने पाणी पिऊन दाखवलं. आम्ही उकळलेलंच प्यायलो.

उन्हं आली तशी कुमुदं उघडायला लागली, फिकट निळी आणि पांढरी. त्यांच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते. आफ्रिकेतल्या या जातीचा रंग तांबूस आणि कपाळावर निळी ढाल. बोटं इतकी लांब, की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो, धोका दिसला तर पिल्लांना पंखांखाली दाबून उचलून नेतो. आम्हाला एक नर दिसला, त्याच्या दोन्ही कुशींतून बारीक पाय लोंबत होते. आईने दुर्बीण खाली घेतली ती बऱ्याच वेळाने. "बघ, चार पिल्लं," एवढंच ती म्हणाली.

बोरूच्या काड्यांवर नखाएवढे बेडूक चिकटलेले असतात. होडी घासून गेली की एखादा मांडीवर येऊन पडतो. उन्हात बसून त्यांचा रंग पांढुरका पडलेला असतो, सावलीत ठेवला की पट्टे हळूहळू उमटतात. मॅलाकाइट खंड्या तर इतक्या जवळ बसून राहतो, की दुर्बिणीतून तो धूसरच दिसतो. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सुटतो. मत्स्यगरुडाची हाक दर थोड्या वेळाने कुठून ना कुठून येत होतीच. मोटरबोटीने येणाऱ्याला हे पक्षी दिसतात, पण उडून जाताना. आम्ही त्यांच्यासाठी पाण्यावरचं एखादं ओंडकं होतो.

मग होडी एका अरुंद गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गवत, मध्ये जेमतेम होडी जाईल एवढं मोकळं पाणी, आणि ही गल्ली चांगली सरळ. मी विचारलं, "ही तुम्ही कापली का?" बाई हसल्या. "आम्ही नाही. पाणघोडे."

माझ्या प्रश्नाचं उत्तर असं समोर आलं. पाणघोडा दिवसभर खोल पाण्यात राहतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. रोज त्याच वाटेने. एवढ्या वजनाचं जनावर त्याच त्या वाटेने गेलं की गवत उभं राहत नाही, तळ खचतो, चर तयार होतो. ज्या प्रदेशात उतार जवळजवळ नाहीच, तिथे हातभर खोलीचा चरही पाण्याला दिशा द्यायला पुरतो. विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ टेरेन्स मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं इथे काम केलं, आणि पाणघोड्यांच्या या वाटा प्रवाहांच्या घडणीत किती महत्त्वाच्या आहेत हे मांडलं. मोठे प्रवाह कायम राहत नाहीत. तळाशी वाळू साचत जाते, काठचा पपायरस तुटून तरंगत येतो, अडकतो, तोंड बुजतं. पाणी मग बाजूला सरकतं आणि मोकळी वाट मिळेल तिथून जातं. ती मोकळी वाट अनेकदा पाणघोड्याने आधीच पाडून ठेवलेली असते.

हे ऐकून होतं, पण त्या गल्लीत बसून, दोन्ही हातांनी दोन्हीकडचं गवत शिवत, ज्याने ही वाट केली तो कुठेतरी पुढेच असेल या जाणिवेने ते कळणं वेगळं. गल्ली संपायच्या आधी बाईंनी होडी थांबवली. बराच वेळ नुसतं ऐकलं. समोर रुंद, गडद पाणी होतं. त्यात कान आणि नाकपुड्या वर आल्या, फुर्रकन हवा सुटली, परत बुडाल्या. मग दुसरीकडे. मग आणखी दोन. मोकोरोला पाणघोड्याने धडक दिली तर ती उलटते, आणि माणसं मरतात. इथल्या प्रत्येक गावात अशी घटना माहीत असते. बाईंनी आत जायचं नाव काढलं नाही. काठाकाठाने, जिथे पाणी पाणघोड्याला बुडायला पुरणार नाही एवढं उथळ, तिथून मोठा वळसा घेतला. दुपारच्या बेटाला पोहोचायला त्यामुळे उशीर झाला. तो व्हायलाच हवा होता.

वळशात एक हत्ती भेटला. एकटा नर, पोटापर्यंत पाण्यात. सोंडेने गवताचा जुडगा उपटायचा, पाण्यावर डाव्या-उजव्या बाजूला आपटून मुळांची वाळू झाडायची, मग तोंडात. एकही घास न धुता नाही. बाईंनी होडी बोरूत मागे खेचली आणि काठी रोवून धरली. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. त्याला आम्ही माहीत असू, कारण एकदा त्याने कान पसरून आमच्या दिशेने तोंड केलं आणि थांबला. आईने माझा दंड धरला होता. मग तो पुन्हा खायला लागला. बोत्स्वानात एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. या आकड्याला माझ्या लेखी त्या दिवशी चेहरा आला. तो आपणहून निघून जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

दुपारी बेटावर चाललो. आधी काठची झाडी, दाट आणि उंच. जॅकलबेरी, अंजिराच्या जातीची मोठी झाडं, रानखजूर. थोडं आत गेलं की पंख्यासारख्या पानांचे ताड. त्यांची फळं हत्ती झाड हलवून पाडतात, खातात, आणि बिया शेणातून दुसऱ्या बेटावर टाकतात. आणखी आत गेलं की झाडं एकदम संपतात. बेटाच्या मध्यभागी उघडी जमीन, पांढरट, पायाखाली कुरकुरणारी. तिच्यावर काटेरी, खुरटं गवत सोडून काही नाही. पाण्याने वेढलेल्या बेटाच्या पोटात वाळवंट.

बाईंनी चिमूटभर पांढरी माती जिभेला लावायला दिली. खारट, थोडी तुरट. "झाडांनी इथे आणलंय," त्या म्हणाल्या.

ते असं. ओकावांगोत येणाऱ्या पाण्यातलं जेमतेम दोन टक्के बाहेर वाहून जातं. बाकीचं बहुतेक वाफ होऊन उडून जातं, आणि त्यात झाडापानांनी शोषून सोडलेल्या वाफेचा वाटा फार मोठा. पाणी उडतं, पण त्यात विरघळलेले क्षार कुठे जाणार? नदी ते दरवर्षी लाखो टनांनी आणते. समुद्राला न मिळणाऱ्या इतर कितीतरी नद्यांचं शेवटी खारं तळं होतं. इथलं पाणी गोड राहतं ते बेटांवरच्या झाडांमुळे. काठची झाडं मुळांनी जमिनीखालचं पाणी ओढत राहतात, त्यामुळे ते चहूबाजूंनी बेटाच्या आत झिरपतं, आणि क्षार मध्यभागी गोळा होत जातात. एका मर्यादेपलीकडे मधली झाडं मरतात, काठची जगतात आणि काम चालू ठेवतात. ती काठची झाडी तोडली तर हे मीठ हळूहळू पाण्यात परत येईल. मोकोरोसाठी जुनी झाडं न तोडण्याचं महत्त्व मला तिथे पुरेपूर पटलं.

आणि बेट मुळात आलं कुठून? कडेला एक वारूळ होतं, माझ्या दुप्पट उंच, माथ्यावर एक झाड उगवलेलं. पुराचं पाणी कमी असलेल्या वर्षांत वाळवी जमिनीतून माती वर आणते आणि वारूळ रचते. नंतर पूर आला की तेवढाच ढीग कोरडा राहतो. त्यावर पक्षी बसतात, बिया पडतात, झाड येतं. झाड पाणी ओढतं, मुळांभोवती चुना आणि सिलिका साचते, जमीन फुगून वाढते. इथली कितीतरी बेटं अशी वाळवीने सुरू केलेली आहेत. पाण्याच्या वाटा पाणघोड्याने केलेल्या, कोरडी जमीन वाळवीने उचललेली, पाणी झाडांनी गोड ठेवलेलं. अभयारण्य म्हटलं की आपण प्रदेश आणि त्यात राहणारे प्राणी असा विचार करतो. ओकावांगोत हे दोन वेगळे काढता येत नाहीत. यातलं एक जनावर गेलं, तर इथला नकाशाच बदलेल.

बाईंनी उत्तरेकडे हात केला. त्या दिशेला मोरेमी अभयारण्य. शिकारीने जनावरं कमी होत चालली तेव्हा बाटावाना लोकांनी आपल्याच जमातीच्या जमिनीतून ते 1963 मध्ये राखून ठेवलं. त्या वेळी राज्यकारभार बघत होत्या पुलाने मोरेमी, दिवंगत प्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नी. संपूर्ण ओकावांगो जागतिक वारशाच्या यादीत आलं ते 2014 मध्ये, यादीतलं हजारावं स्थळ म्हणून. पहिलं पाऊल इथल्या लोकांनी त्याच्या अर्धशतक आधी टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर लाल लेचवे दिसले. ही पाणथळीतली कुरंगं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, खूर लांबट आणि फाकणारे. कोरड्या जमिनीवर त्यांची धाव बेताचीच, पण घोटाभर पाण्यात शिरली की सिंहाला ती सापडणं अवघड. कशाने तरी तो कळप बिचकला आणि सगळा पाण्यातून उधळला, पाणी उडवत, लांब लांब झेपा टाकत. आम्ही तिघीही काही बोललो नाही.

रात्री शेकोटीपाशी बाईंनी कुमुदाच्या गड्ड्यांची गोष्ट काढली. त्याला इथे त्स्वी म्हणतात, मांसाबरोबर शिजवतात. त्यांच्या आजीच्या वेळी पाण्यात उतरून ते काढण्यात दिवस जायचा, आता मुलं दुकानातला मका खातात. मुलांना मोकोरो चालवता येते का, असं आईने विचारलं. मोठ्या मुलीला येते, म्हणाल्या, आणि तिने वाटाड्याचा परवाना काढावा असं त्यांना वाटतं. डोक्यावर वृश्चिक आडवा पसरला होता. दूर कुठेतरी सिंह ओरडत होता आणि जवळच पाणघोडे चरत होते, गवत उपटल्याचा आवाज तंबूपर्यंत येत होता.

तिसरा दिवस : परत

आईला एक बगळा बघायचा होता. स्लेटी बगळा, पाटीच्या रंगाचा, गळ्यावर विटकरी झाक. जगात या पक्ष्यांची संख्या थोडी आणि त्यांतला मोठा हिस्सा ओकावांगोत. अडचण अशी, की काळा बगळा लांबून अगदी तसाच दिसतो. काळा बगळा पंखांची छत्री करून पाण्यावर सावली धरतो आणि तिच्यात येणारे मासे टिपतो, स्लेटी तसं करत नाही. आदल्या दिवशी दिसलेले सगळे छत्री उघडणारे निघाले होते.

सकाळी बोरोकडे येताना, जिथे पाणी वीतभर आणि गवत नुकतंच बुडलेलं, तिथे दोन बगळे हळूहळू पाय हलवत चालले होते. आईने दुर्बीण लावली आणि पाय बघितले. पोटरीचा खालचा भाग आणि बोटं पिवळी. काळ्या बगळ्याची फक्त बोटं पिवळी असतात. मग एकाने मान वळवली आणि गळा दिसला. आईने बाईंचा हात हातात घेऊन दाबला. बाईंनी सांगितलं, की पूर ओसरताना उथळ पाण्यात मासे आणि बेडूक अडकतात, हे बगळे त्यांच्यावर जगतात. पूर आला नाही, किंवा आला आणि ओसरलाच नाही, तरी यांचे हाल.

म्हणून वरच्या अंगाला काय होतं, हा प्रश्न इथे सगळ्यांच्या तोंडी असतो. बोत्स्वानातला त्रिभुज प्रदेश जपलेला आहे, पण पाणी येतं ते अंगोलातून. अंगोला, नामिबिया आणि बोत्स्वाना यांनी 1994 मध्ये या खोऱ्यासाठी संयुक्त आयोग नेमला. वर धरण झालं, शेतीला पाणी उचललं, तर खालच्या पुराची वेळ आणि उंची बदलेल. अंगोलाच्या लोकांनाही वीज आणि पाणी हवंच आहे, त्यांचा हक्क कमी नाही. पण वरून किती पाणी येतं याइतकंच ते कधी येतं आणि कधी जातं यालाही मोल आहे, हे त्या बगळ्यांनी मला जेवढं नीट समजावलं तेवढं कुठल्या तक्त्याने समजावलं नसतं.

बोरोला बाईंनी आम्हाला उतरवलं. ठरलेल्या पैशांवर आम्ही त्यांना वेगळे पुले (इथलं चलन) दिले, त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. पुढची मंडळी सामान घेऊन काठावर उभीच होती.

माउनला परतल्यावर आई म्हणाली, "पुलावरून जे पाणी जातं, ते पुढे कुठे जातं ते बघू." थामालाकाने प्रस्तरभंगाच्या रेषेवरून नैर्ऋत्येला वाहते, मग तिला दोन फाटे फुटतात. एक न्गामी सरोवराकडे, दुसरा बोटेटी, कालाहारीत आणखी आत. बोटेटी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बरीच वर्षं कोरडी होती आणि 2009 च्या सुमारास पुन्हा वाहू लागली. 2019 च्या दुष्काळात तिचं पाणी पुन्हा आटलं होतं. या वर्षी पाणी कुठवर गेलंय ते माउनमध्ये कोणी नक्की सांगेना, म्हणून उद्या सकाळी गाडी घेऊन आम्ही बोटेटीच्या काठाने निघतोय.